विधवांचा वाटा

हॅलो?… कोण, थेल्मा?… अगं, तुझ्या फ्लोरिडापर्यंत पोचली पण बातमी? मर्टननेच फोन केला असणार. गावाने नदीतले मासे राखायला ठेवलाय, ते सोडून चहाड्या करतो मेला…

हो, हाकललं त्याला. सकाळी सकाळी दारात एलवाइफ माशांच्या दोन टोपल्या घेऊन उभा. टोपी हातात, नजर बुटांवर. म्हणे, "लोरेटा, गावाचा… तो… वाटा." पुढचा शब्द काही तोंडातून निघेना. मीच म्हटलं, विधवांचा वाटा ना? मग घेऊन जा परत…

नाही, रडत नाहीये. कांदा चिरतेय.

अगं ऐक ना. आपल्या आजीला मिळायचा, आठवतं? मग गिरणीचं धरण उंच केलं, समुद्रातून मासे वर यायचेच बंद झाले. रीत तेवढी नावाला राहिली. आणि आमच्या एल्विनचं ते खूळ! धरणाच्या कडेने माशांना चढायला दगडी पायऱ्या. रविवारीसुद्धा बादलीने खडी वाहायचा, कंबर धरून घरी यायचा. मी म्हणायचे, आधी माझं गळकं छप्पर बघ. तर म्हणायचा, "मासे येऊ देत. पहिला वाटा विधवांचा, आपल्याला आपले विकत घ्यावे लागतील." वर हसायचा… पायऱ्या झाल्या, थंडीत हा गेला, आणि आता मासे आलेत. मला फुकट. घेतले की मीच कबूल केल्यासारखं होतं गं, की तो नाही…

हो… हो, कळतं मला…

थांब जरा. बाहेर गाडी थांबली… पेल्कीबाई. आणि मागे गावातल्या त्या दोघी विधवा बहिणी. मांडीवर बादल्या घेऊन नुसत्या बसल्यात. हॉर्न नाही, काही नाही… काय म्हणालीस?… अगं बाई. नव्या विधवेने पहिला मासा उचलल्याशिवाय बाकीच्या हात लावत नाहीत. आजी सांगायची ना, नवीला रांगेत शेवटी एकटं उभं करायचं नाही… विसरलेच गं मी. म्हणजे सकाळपासून माझ्यापायी खोळंबल्यात. पेल्कीबाईंचा नवरा जाऊन तर जमाना झाला, बिचारीला कधी एक मासा मिळाला नाही…

हो, आता खरंच रडतेय. पण बरं वाटतंय. संसारात कधी फुलं आणली नाहीत या माणसाने. आणि जाताना गावातल्या सगळ्या विधवांची सोय करून गेला. फार उपकार आहेत गं त्याचे. त्या बायकांचेही…

मर्टन? तोही आहे, मागच्या ट्रकात. खाली उतरत नाहीये, घाबरलाय.

हो, मासे धुरावर सुकवून पाठवते तुला… काटे असणारच, निवडून खा… बादली? एल्विनची आहे ना, खडीची. मागच्या दारी त्याने ठेवली तिथेच आहे, मी हलवलीच नव्हती… हो, तीच घेते…

ठेवते आता, थेल्मा. बायका थांबल्यात माझ्यासाठी.