गुण कुलपाचा का शॉकॉप्सरचा

आमी मूळचे जतच्या अंगाचे, धनगर. बापानं आन् आज्यानं जलमभर मेंढरं राखली, पाऊस सरला की कळप घेऊन कृष्णाकाठाला यायचं, बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्येला आन् धान्य आमाला, असा कारभार. शाळा मी बाहेरनंच बघितली, पर सौदा मातूर त्या मेंढरांमागं शिकलो. बा माजा गरीब, बागायतदार म्हणंल ते कबूल. मी म्हणायचो, मालक, मेंढरू काय मुकाट हाय म्हणून त्येच्या खताला भाव न्हाई व्हय? बा माज्या पाठीत धपाटा घालायचा, पर जास्तीची पायली बी उचलून घ्यायचा.

बाहत्तरच्या दुष्काळात चारा संपला आन् मेंढरं इकावी लागली. बा रडला. मी रडलो न्हाई, मी त्यातनं मिलिटरीच्या लिलावात निघाल्याली जीपची पिकप घेतली. गाव लय हसलं, म्हणलं बिरानं लोखंडाचं मेंढरू आणलं. हसा म्हणलं. ड्रायव्हिंग मी खडीच्या खाणीवर शिकलो हुतो, आन् बायकोला घेऊन सरळ हिकडं कोरेगावच्या बाजूला आलो, कारण हितं दूध हुतं. डोंगरातल्या वाड्यांचं दूध रोज सकाळी खाली डांबरी रस्त्यावरच्या केंद्रावर पोचवायचं, ह्ये काम मी भांडून मिळवलं. भांडून म्हंजे काय, दुसरा एकजण ट्रॅक्टर घेऊन आल्याला, मी म्हणलं ट्रॅक्टर पोचंस्तवर दुधाचं दही हुईल.

आता मूळ गोष्ट सांगतो, ती नीट लिवा. सगळ्यात वर एक वाडी हाय, तिथल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी पलटणीतनं पेन्शनीत आल्याला हवालदार. मिशी ताठ, बोलणं ताठ. त्येनं सकाळी गावात दुधाची फॅट तपासायची, आन् मी खाली नेलं की केंद्रावर परत तपासणी. झालं काय, गावात फॅट चांगली भरायची आन् खाली कमी लागायची. बाकीच्या वाड्यांचं बरूबर यायचं, ह्या एकाच वाडीचं कमी. मधी कोण? मधी मी. बाया दूध घालाय यायच्या त्या मला बघून कासंड्यांवर पदर धरायच्या, म्हणायच्या, झाका गं, किसनदेव आला लोणी खायाला. हसत म्हणायच्या, पर काय सांगू तुमाला, त्या हसण्यानं माजी भाकरी गोड लागायची न्हाई.

माजं डोकं मूळचंच तापट. एक दिवस म्हणलं, आपुनच बघू काय गौडबंगाल हाय ते. केंद्राच्या अलीकडं गाडी उभी केली आन् वाडीच्या कॅनचं झाकण उघडलं, तर झाकणाला आतनं पांढरं धोट लोणी चिकाटल्यालं. मी बोटानं काढून बघतोय तवर मागनं एस्टी आली, आन् एस्टीच्या खिडकीत हवालदार! निघाला हुता कोरेगावच्या बाजाराला. त्येनं बघितलं काय, तर कॅन उघडा आन् माज्या बोटाला लोणी.

सांजंला देवळाम्होरं गाव गोळा करून त्यो म्हणला, चोर गावला. मी सांगाय लागलो, आवं हवालदार, लोणी आपोआप आल्यालं. त्यो म्हणला, आपोआप? तुजी गाडी म्हस हाय का बाई हाय? सगळी हसली. मंग माजं डोकं फिरलं, दाखवाय आणल्यालं झाकण हातात हुतं ते मी दगडावर आपटलं, आन् झाकण चेपलं. झालं! खरा माणूस आपटाआपटी करंल का, असं म्हाताऱ्याबी म्हणाय लागल्या. हवालदारानं हुकूम सोडला, येत्या सोमवारपासनं कॅनला कुलूप, एक किल्ली आमच्याजवळ, एक केंद्रावर.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत हुती, तिनं हात थांबवला न्हाई. म्हणली, त्यात काय नवल, आवं तुमची गाडी न्हवं, ती ताक घुसळायची रवी हाय. परवा माहेरी घेऊन गेलात तर माज्या पोटातलं पाणी डचमळून वर आलं, दुधाचं काय हुणार? म्हणलं, मंग बाकीच्या वाड्यांचं का न्हाई हुत? म्हणली, त्येंचे कॅन गळ्यापतोर भरल्याले, भरल्या घागरीत कुठं घुसळतंय? ह्या वाडीचं दूध थोडं, कॅन अर्धा.

दुसऱ्याच दिवशी पिकप घेऊन मलकापूरला रसूलभाईच्या गॅरेजात गेलो. त्येनं गाडीचं मागचं अंग दोन्ही हातांनी दाबलं आन् सोडलं. गाडी खालीवर, खालीवर, नाचतच राहिली. रसूलभाई म्हणला, अरे बिरा, ही गाडी हाय का तमाशातली बाई? चांगली गाडी एकदा उठती आन् गप बसती. तुजे शॉकॉप्सर, धक्के झेलायच्या नळ्या, मेल्यात, आत तेलाचा थेंब न्हाई, नुसत्या नळकांड्या. आन् स्प्रिंगचे पाटे मिलिटरीचे, तोफगोळ्यासाठी केल्याले, तू त्यावर दूध न्हेतोस.

मंग आमचा सौदा सुरू झाला. त्यो म्हणला, ट्रकचे शॉकॉप्सर घालू. मी म्हणलं, आनखी ताठ हुईल. मोटारीचे घालू. म्हणलं, कॅनांच्या वजनानं बसतील. दुपारपतोर घासाघीस, चा तीनदा त्येनंच पाजला, शेवटी त्येनं सांगलीच्या एका मोडीवाल्याकडं ठेवल्याले, मापाचे, कोरे शॉकॉप्सर सांगितले. ते मी एस्टीनं जाऊन मांडीवर घेऊन आलो. ते अडकवायची मागची पट्टी नवी जोडली, पाट्यातला एक पाटा कमी केला. येताना मलकापूर ते कोरेगाव गाडी अशी आली, बायको मागनं शेजारणीला सांगत हुती, की ह्येनी घरात आल्यावर पयल्यांदाच रस्त्याला शिवी दिली न्हाई.

पर माजं नशीब बघा. शॉकॉप्सर बसले आयतवारी आन् कुलूप लागलं सोमवारी. सोमवारी फॅट बरूबर. मंगळवारी बरूबर. हवालदार मिशीवर हात फिरवून म्हणला, बघा, गुण कुलपाचा!

माज्या तळपायाची आग मस्तकात. चोर म्हणला तवा मी एकदा चोर झालो हुतो, आता पुराव्यानिशी झालो. मी म्हणलं, हवालदार, उद्या जुने शॉकॉप्सर परत बसवतो, पाटाबी घालतो, कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आन् तुमी सोता माज्या शेजारी बसायचं. फॅट बरूबर आली तर मी ही लाइन सोडून जतला जातो. कमी आली तर त्या दिवसाचा तोटा माजा, पर तुमी देवळाम्होरं, जिथं चोर म्हणलात तिथंच, शब्द माघारी घ्यायचा. तोटा कशापायी घेतला? बायांचं दूध माज्या भांडणात का नासवायचं? हवालदार म्हणला, मंजूर. पलटणीतला माणूस, मागं हटंना.

निघालो. पयल्याच वगळीत, पावसाच्या पाण्यानं कापल्याल्या चरीत, हवालदाराची टोपी पडली. दुसऱ्या उताराला त्येनं दांडा धरला. मी म्हणलं, काय हवालदार, लढाईत असंच हुतं का? म्हणला, गप गाडी चालीव. केंद्रावर त्येनं सोताच्या हातानं कुलूप काढलं, झाकण उचललं, आन् तसाच बघत राहिला. झाकणाला लोणी, दुधावर लोण्याच्या कण्या. फॅट लावली तर कमी. मी म्हणलं, खावा, तुमच्याच कुलपातलं हाय.

त्येनं कुलूप खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी नवे शॉकॉप्सर परत चढवले, आन् कुलपं गेली. बाया मला परत बिरादादा म्हणाय लागल्या. पर देवळाम्होरं शब्द माघारी? न्हाई. आज घेतो उद्या घेतो करत दोन सुगी गेल्या. मी रोज त्येच्या दारात कॅन भरून घ्यायचो आन् रोज माज्या पोटात तेवढंच एक सलायचं. बायको म्हणायची, सोडा की. कसं सोडू? उधारी सोडली असती, ह्ये न्हाई.

आता ह्या उन्हाळ्यात वाडीनं ठरवलं, रस्ता नीट करायचा, घरटी एक माणूस, वगळी मुरमानं भरायच्या. हवालदार सगळ्यांच्या म्होरं, धोतर खोचून. मी गाडी थांबवली तर मला टोपलं दिलं. मी टोपलं धरलं न्हाई. म्हणलं, आदी शब्द. सगळी बाया-माणसं खोरी टेकून उभी. हवालदारानं मिशी पुसली, वगळीकडं बोट केलं आन् मोठ्यानं म्हणला, चोर ह्यो रस्ता निघाला. मी म्हणलं, आन् बिरा? म्हणला, एवढंच. टोपलं धर.

मी उभ्या जल्मात अर्ध्यावर सौदा तोडला न्हाई, पर तवा तोडला. धरलं टोपलं.

आता रस्ता बरा झालाय, गाडी गप चालती, वाडीत म्हशीबी वाढल्यात, कॅन भरून येतोय. औंदा दुसरी पिकप बघायचा इचार हाय, लिलावाच्या गाडीला पयल्यांदा मागनं दाबूनच बघणार. देवाचं देणं हाय, चांगलं चाललंय. आन् तेवढं खाली लिवा, हवालदाराला देवानं शंभर वर्सं आयुष्य द्यावं, हातपाय धडधाकट ठेवावं, उरल्याली अर्धी माफी मला त्येच्याकडनं घ्यायची हाय.