टाकी दहा फुटांवर

वाचनाने माणूस शहाणा होतो, हे माझे मत आजही कायम आहे; तरीही हे ऐका. माझ्या पुतण्याने जतच्या माळावर, एका टेकाडावर, पर्यटकांना राहण्यासाठी चार ट्रेलर-घरे उभी केली. सौर पॅनेलची वीज दिव्यांपुरतीच होती. म्हणून मी ग्रंथाधारे सुचवले, "टाकी दहा फूट उंच बसव, म्हणजे पंपावाचून नळाला पाणी येईल."

टाकी बसली. पहिले पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळी टँकर आला आणि चालक हसू लागला.

"आवं तात्या, टँकरचं पाणी खाली पडतंय, वर चढत न्हाई!"

हा टँकर परतला असता, तर पुढचा चार दिवसांनी येणार होता. पुतण्या माझ्याकडे पाहू लागला आणि मी पुस्तकाकडे.

तेवढ्यात मेंढरे घेऊन चाललेला बिरू धनगर थांबला. "टाकी टेकाडाच्या कडंला, जरा खालच्या अंगाला भुईवर ठिवा. वरनं टँकर ओतंल. आन् घरं टाकीच्या बी खाली उताराला न्या."

"अरे, घरे कशी नेणार?" मी दरडावले.

"चाकं हायती न्हवं त्यास्नी? आमी जल्मभर पाण्यामागं बिऱ्हाड हलवतोय, तात्या, आन् त्येबी बिनचाकाचं!"