पुन्हा पिकर्सगिलच्या हाती चेंडू

नवरा गोलंदाजीला आला की हिल्डा पिकर्सगिलला मैदानाकडे बघवत नसे. आज तर काउंटी विजेतेपदाचा शेवटचा दिवस, म्हणून ती पॅव्हिलियनमागच्या चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे दोन म्हातारे होते.

"सिरिल, त्यांचा एकच गडी उरलाय आणि कप्तानानं चेंडू पुन्हा पिकर्सगिलला दिलाय!"

"मग कुणाला द्यायचा? खेळपट्टी फिरकी घेतेय."

"अरे, आत्ताच षटकार खाल्लाय त्यानं! आणखी एक बसला की हरलोच आपण."

"षटकार खाल्ला ना? आता तो चेंडूला आणखी उंची देईल. बघच तू."

"चाळिशी उलटली त्याची. काउंटीनं त्याला उगीच नव्हतं काढलं."

"काढलं, तर पठ्ठ्या गावच्या क्लबात जाऊन टाकत राहिला. शेवटी काउंटीच गेली ना त्याच्या दारात?"

"गेली, पण विजेतेपद कुठंय? इतकी वर्षं झाली..."

मैदानातून एकच आरोळी उठली. चहावाल्या बाईच्या हातातली किटली तशीच राहिली.

"काय झालं हो?"

"यष्टिचीत!" कुंपणापाशी कुणीतरी ओरडलं. "पुढं सरसावला आणि फसला! जिंकलो! पिकर्सगिलनं जिंकून दिलं!"

"नॉर्मन, अरे, रडतोस काय?"

"गप रे. त्याला काढा म्हणून भर सभेत बोंबलणारं गाढव कोण होतं?"

"तूच की."

"मग त्या गाढवाला आज चहा पाज."

"दोघांचाही चहा माझ्याकडून," मागून हिल्डा म्हणाली आणि पैसे ठेवून मैदानाकडे धावत सुटली.