जलशास्त्र

अकोल्याच्या फलाटावर पार्बताबाई संत्र्यांच्या टोपलीपाशी बसली होती. मागच्या बाकावर पगडीवाले वकील आणि मुलगी पाहून परतलेला त्यांचा मुलगा भांडत होते.

“नाना, नागपूरला मी एम.एस्सी.ला काय शिकून राहिलो म्हणून सांगितलं त्यांना?”

“जलशास्त्र.”

“मासे म्हणायला लाज वाटली?”

“ब्राह्मणाचा पोरगा मासे चिरतो म्हणू? मुलगी दाखवली असती त्यांनी?”

“त्यांना वाटलं, मी पाणाड्या आहे. पोहे झाल्यावर तळहातावर नारळ ठेवला न् म्हणाले, विहिरीची जागा दाखवा.”

“नाही म्हणायचं होतं.”

“काहून? दाखवली की.”

“कुठं?”

“देवघरात.”

“अन् ते?”

“मी निघालो, तेव्हा देव हलवून राहिले होते.”