दरवड्याची काच

पंढरी : बरं, खेळातून दरवड्याची काच काढली. मग गोष्टीतली ती पोरगी देवळाची घंटा कशाला बडवते? पाड्यात कोंबडी हरवली म्हणून?

मार्सेल : तसं सांगा. आमचे बाळकुमान कोंबडी हरवली तरी एवढीच बोंब होते.

शेवंती : बघा, मार्सेलभाऊंनी वल्हवता वल्हवता वाट काढून दिली.

पंढरी : तू त्यांची बाजू घेऊ नकोस. त्या काचेवर सारा श्रावण डोळे फोडलेस तू. केसाएवढ्या कुंचल्यानं मशालीची ज्योत काढत होतीस, आणि चुलीवर आमटी आटत होती. आता ज्या गावाला जादूचा कंदील घेऊन निघालोय, तिथंच ती काच नाही दाखवायची? कल्याणात त्या काचेला माणसं उठून उभी राहतात.

मार्सेल : मीबी राहिलेलो. पयल्यांदा.

शेवंती : म्हणजे आमचा खेळ पाहिलाय तुम्ही?

मार्सेल : दोनदा, वैनी. पयल्यांदा पाहिला तो गेल्या साली, मीठ घेऊन कल्याणला आलेलो तवा. त्यो म्होरक्या हात वर करतो, मशाल छपराला लागते, आन् छप्पर पेटतं. मी अशी शिटी मारली की बाजूचा भटजी दचकला. घरी येऊन बर्नाडेटला सगळं करून दाखवलं. हातान कालथा घेतला, हीच मशाल म्हटलं. ती हसत बसली नि भाकरी करपली. माझीच बायको, पण माझ्या खेळाला तेवढी एकटीच हसते.

पंढरी : मग? हसवणारी गोष्ट आहे ती. शेवटी दरवडेखोर पळून जातात.

मार्सेल : आमचे नाय पळाले, पंढरीदादा. त्ये सावकाश गेले. होडीन बसून.

शेवंती : नाताळाच्या आधी ना? आम्ही कल्याणात ऐकलं होतं. पण ते तुमचंच घर हे ठाऊक नव्हतं.

मार्सेल : पयलं घर आमचंच, खाडीच्या काठाला. मी ठाण्याला बाजारान होतो. भाऊ लिओ ओटीवर निजलेला, त्याला मारला, अजून लंगडतो. पेंढ्याची उडवी पेटवली, का तर त्यांना उजेड पायजे होता. बर्नाडेट आमचे स्टेलाला घेऊन भाताच्या कणगीन शिरली. वरून सूप ओढून घेतलं. पोरीच्या तोंडावर हात दाबून बसली, त्ये जाईपर्यंत. बस, एवढंच. आमचं कोणी मेलं नाय. लोक म्हणतात देवानं वाचवलं. मीबी म्हणतो.

शेवंती : आणि त्या म्हणतात?

मार्सेल : ती काय बोलत नाय. दिवसा माझ्याहून जास्त राबते. सूर्य बुडला की घरान. दार लावते नि कणगीला पाठ टेकून बसते. अंगणान आमचा क्रूस हाय, त्याच्यापुढं रोज सांजेला मेणबत्ती तीच लावायची, लग्न होऊन आली तवापासून. आता मी लावतो. माझी वाऱ्यान विझते.

पंढरी : दुसऱ्यांदा कधी पाहिलात खेळ?

मार्सेल : ह्या चैतान. मुद्दाम आलो. म्हटलं, बघू तरी. काच तीच, तुमी तेच, वैनींचा गळा तोच. मशाल वर जायला लागली आन् माझे नाकान पेंढ्याचा धूर गेला. बाजूचा माणूस शिट्या मारत होता. मना वाटलं, त्याचं मानगूट धरावं. मग उठलो नि बाहेर बैलांजवळ जाऊन उभा राहिलो.

पंढरी : पण मार्सेलभाऊ, ती साधी काच आहे. मागे घासलेटचा दिवा, पुढे ओलं केलेलं माझं जुनं धोतर. माणसाला ठाऊक असतं की हे खोटं.

मार्सेल : मनाबी ठाव होतं. नाकाला ठाव नव्हतं.

शेवंती : ऐकलंत?

पंढरी : ऐकलं. मग आम्हाला बोलावलंत कशाला? भजनी मंडळ न्यायचं.

मार्सेल : आमचा नव्या भाताचा सण हाय. सगळे घरांनी वर्गणी काढली नि म्हणाले, कायतरी पायजे. मी घरान बोललो, कल्याणच्या कंदिलान मोर येतो, पिसारा फुलवतो. स्टेला नाचायला लागली. आन् बर्नाडेट बोलली, मोर असेल तर मी बसेन अंगणान. दारापाशीच, पण बसेन. दादा, सूर्य बुडल्यावर ती उंबऱ्याच्या भायेर येईल, ती आज पयल्यांदा. आख्ख्या गावाला ठाव हाय. म्हणून म्हणतो, मोर दाखवा, समुद्र दाखवा, ती करवंदीच्या पाड्याची गोष्टबी दाखवा. फक्त ती एक काच नको.

पंढरी : ती एक काच नाही, त्या दोन आहेत. एका लाकडी चौकटीत एकीवर एक. खालचीवर पाडा आणि ते पाच दरवडेखोर, वरचीवर नुसता हात, मशाल आणि जाळ. वरचीची पट्टी ओढली की हात उठतो. हे इकडे कोणी करत नाही, मार्सेलभाऊ. मी पुस्तकातलं चित्र बघून स्वतः बसवलंय.

मार्सेल : आन् परत आत ढकलली तर?

पंढरी : परत कशाला ढकलायची? छप्पर पेटलं की दिव्यावर झाकण, मग घंटेची काच. मशाल एकदा वर गेली की तिचं काम झालं.

मार्सेल : एक इचारू, वैनी? त्यो म्होरक्या मना तवाच ओळखीचा वाटलेला. ती मिशी.

शेवंती : तुम्ही वल्हवा. मुंब्र्याचं वळण आलं.

पंढरी : काय मिशी?

शेवंती : काही नाही हो. दरवडेखोर मी कुठं पाहिलाय? चित्र काढताना समोर जो बसला होता, त्याचं तोंड काढलं.

पंढरी : समोर तर मी बसलो होतो.

शेवंती : घोरत होता.

मार्सेल : वल्हवतो, वल्हवतो.

पंढरी : ह्याचा हिशोब घरी. आता सांग, गोष्टीतल्या त्या खळग्याचं काय करायचं?

शेवंती : झाकण टाकून ठेवा, पडदा काळा राहू द्या. मी पडद्यामागून दोन ओव्या म्हणते. मग घंटा. लोक आपल्या मनानं जोडून घेतील.

पंढरी : बिनदरवड्याचा दरवडा. कल्याणात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

शेवंती : बाळकुमात राहील.

पंढरी : घे. तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळ आणि पेटीच्या अगदी तळाशी ठेव. वर ठेवलीस तर माझा हात आपोआप तिच्याकडे जाईल.

मार्सेल : देव बरं करो, दादा. बोईट मासा खाता ना? घरान कालवण ठेवलंय.

पंढरी : आधी सांगितलं असतंत तर एवढा वाद घातला नसता.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच होडीत. भरतीचं पाणी कल्याणकडे चढतंय.)

पंढरी : पेटी हलकी लागतेय.

शेवंती : एक काच कमी झाली, एवढ्यानं हलकी लागते?

पंढरी : मी दिलेली नाही. बर्नाडेटबाईंनी मागितली आणि तू माझ्याकडे पाहिलंस. त्यापुढं माझ्या हातात काय उरलं?

मार्सेल : वैनी, मी रातभर जागा हाय. मना कोणी काय सांगत नाय. बर्नाडेटला इचारलं, तर बोलली, वैनीला इचार. लिओला इचारलं तर त्यो नुसता दादांकडं बघून हसतो. काय झालं काल?

शेवंती : म्हणजे तुम्ही नव्हता अंगणात?

मार्सेल : मोरापर्यंत होतो. मग करवंदीचा पाडा आला, सांज झाली, पडदा काळा पडला आन् माझे पाय उठले. काच पेटीच्या तळाशी हाय हे मना ठाव, तरीपण. गोठ्यान जाऊन बसलो. तुमची ओवी ऐकली मात्र, गायींनीबी ऐकली.

शेवंती : कुठली?

मार्सेल :
सांजच्या गं दिव्याला वात घालीते दुहेरी,
काळोखा रे तुझी वस्ती गावाच्या वेशीबाहेरी.

पंढरी : भाऊंचा गळा बरा आहे. तुला सोबत होईल.

शेवंती : दुसरी म्हणायला मी श्वास घेतला, आणि अंगण गप्प झालं. पडद्यामागं मला काही दिसत नव्हतं, पण ते गप्प होणं ऐकू आलं. रडणारी पोरंसुद्धा गप्प. आणि त्यात तुमच्या घरच्या बाईंचा आवाज. इथलं कायतरी काढून ठेवलंय, म्हणाल्या.

पंढरी : मी म्हटलं, काच तडकली.

शेवंती : तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तर बोलू नये. त्या म्हणाल्या, तडकली नाय. सगळं गाव माझेकडं बघतंय. आन् तुमचे त्या काळ्या पडद्यावर त्या रातचे सगळेच्या सगळे येऊन उभे राहिलेत. तुमचेकडं किती हायेत?

मार्सेल : मग?

पंढरी : मी म्हटलं, पाच.

शेवंती : त्या म्हणाल्या, पाचच? मग आणा त्यांना.

मार्सेल : तिनं सांगितलं आणायला?

शेवंती : हो. म्हणाल्या, मी त्यांचे नुसते पाय ऐकलेत, तोंडं पाहिली नाहीत. सूप ओढून बसले होते. ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याला रोज नवं तोंड येतं.

पंढरी : मी हिला विचारायला पडद्यामागं गेलो, तर ही आधीच लुगडं सोडत होती.

शेवंती : मीच रंगवलेली काच, आणि मलाच भीती वाटत होती. एवढे काळे डोळे का केले होते मी त्यांना, असं झालं. यांनी काच लावली. मशाल खाली होती. मग त्या दारापासून उठल्या, सगळं अंगण ओलांडून कंदिलापाशी आल्या आणि यांना म्हणाल्या, ती वर कशी जाते?

पंढरी : पट्टी ओढली की, म्हटलं. तर म्हणाल्या, मी ओढते.

मार्सेल : तुमी ओढू दिली? काल तर मना पेटीला हात लावू देत नव्हता.

पंढरी : चौकट तापलेली असते. पदरानं धरा, एवढंच म्हटलं.

शेवंती : त्यांनी ओढली. मशाल वर गेली, छप्पर पेटलं. मागे कोणीतरी बाई हुंदका देऊन उठली. लिओभाऊ काठी आपटत उभे राहिले. आणि तुमच्या घरच्या... मार्सेलभाऊ, वल्हं सुटेल, धरा नीट. बर्नाडेटबाईंनी ती पट्टी परत आत ढकलली.

मार्सेल : परत?

शेवंती : परत. मशाल खाली आली. जाळ गेला. छप्पर जसंच्या तसं.

पंढरी : इतके खेळ केले मी, मशाल खाली आणावी हे कधी सुचलं नाही.

शेवंती : मग पुन्हा वर. पुन्हा खाली. सावकाश, जात्याचा खुंटा धरावा तशा. पोरं आधी हसली. तो हात वर, हात खाली, जसा कोणी म्हशीला हाकतोय. मग खालीच ठेवला आणि म्हणाल्या, उभा रा तसाच. नीट निरखून पाहिलं त्याच्याकडे. मग वळून यांच्याकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे.

पंढरी : पुढचं राहू दे.

शेवंती : पुढचंच सांगायचंय. कंदिलाचा उजेड यांच्या तोंडावर पडलेला, मिशीला बोईटाच्या कालवणाचा वास. त्या म्हणाल्या, हा तर आमचेकडं जेवून गेला.

मार्सेल : म्हणून लिओ हसतो.

शेवंती : मग बायका कुठं ऐकतात? दरवडेखोराचं नाव सांगा म्हणून मला पडद्यामागून ओढून काढलं. तुमच्याकडे नाव घ्यायची रीत असो नसो, आमची रीत सगळ्यांना ठाऊक. मग घेतलं :
काचेवरच्या रंगाला तेलाची जोड,
पंढरीरावांच्या मिशीला बाळकुमात नाही तोड.

मार्सेल : तवा हसण्याचा आवाज गोठ्यापर्यंत आला. सगळे गावाचा. त्यात एक हसणं वेगळं होतं. मना कळेना कोणाचं. ओळखायला थोडा येळ लागला, वैनी. गायीच्या गळ्याला धरून उभा राहिलो.

शेवंती : तुम्ही धोतरानं डोळे काय पुसताय?

पंढरी : वाऱ्यानं डोळ्यात पाणी येतं खाडीवर. दिवा गावात खेळ आहे रविवारी, आणि पेटीत दरवडा नाही. नवी काच लागेल.

शेवंती : काढते. म्होरक्याला कोणाचं तोंड देऊ? कोपऱ्यावरच्या वाण्याचं?

पंढरी : मिशी आहे तीच राहू दे. पण पट्टी दोन्हीकडे सहज सरकेल अशी बसवतो. घंटा वाजली की मशाल खाली. गोष्टीत तसंच पाहिजे होतं, म्हणजे ती पोरगी घंटा कशाला बडवते हेसुद्धा नीट कळेल.

मार्सेल : कोंबडीसाठी नाय, एवढं कळलं.

शेवंती : आणि तुमच्या काचेचं काय केलंय बाईंनी? पेटाऱ्यात ठेवली?

मार्सेल : पेटाऱ्यान कुठली? चुलीच्या वर झरोका हाय, तिथं उभी केलीय. सकाळी मी न्याहारीला बसलो, तर ऊन आलं नि त्या कणगीवर तांबडे-पिवळे डाग पडले. स्टेला म्हणते, आई, दरवडेखोर आले, आन् हातानं पकडायला धावते. ही भाकऱ्या थापत होती. वळून पाहिलंबी नाय. बोलली, बस गो जेवायला, ऊन जरा चढू दे, ते आपसूक खाली उतरतात.