धुराड्यातला बूट

(रास अल खैमा, भर दुपार. इंग्लंडमधल्या एका जुन्या गावाबरहुकूम बांधलेल्या हॉटेलातलं सात नंबरचं घर. दारात तोडकामाचं मशीन उभं आहे.)

लियाकत : मॅडम, अब आप ही समझाइए साहब को. सुबह से मशीन खड़ी है और ये अंदर बैठे हैं.

शिवानी : बाबा, क्लायंटनं प्लॅन बदललाय. हे घर आज पाडायचंय. यल्ला, चला बाहेर.

अंबादास : एवढं सांगायला लेक दुबई मरीनाहून आली? बस जरा. ही भिंत बघ. चाळीस वर्षं ओळंबा धरून सरळ भिंती बांधल्या, कुणी ढुंकून बघितलं नाही. ही मुद्दाम वाकडी बांधली, तर गोरा आर्किटेक्ट म्हणतो, परफेक्ट! तिकडे तीनशे वर्षांत वाकली, आपण तीन आठवड्यांत वाकवली.

शिवानी : विषय बदलू नका. लियाकतभाईंनी फोनवर सगळं सांगितलंय मला. तुम्ही रोज इथे येऊन कुणाशी बोलता?

अंबादास : बोलत नाही. ऐकतो. या फळ्यांवर कुणीतरी पळतं. टप... मग काहीच नाही... मग टप. एकाच पायाचं.

लियाकत : मैंने भी सुना है, मॅडम. इसीलिए मैं बाहर हूँ.

शिवानी : बाबा, आईच्या कपाटातला तनिषचा बूट तुम्ही घेतलात?

अंबादास : कुठला बूट?

शिवानी : शाळेचा, काळा. वीस वर्षं जोडी तिथे होती. महिनाभर आई तो एक बूट शोधतेय. खलिफा सिटीतलं अख्खं घर उपसलं तिनं. सारखी म्हणते, माझं पोर एका पायानं कसं चालेल?

अंबादास : मला नाही बोलली.

शिवानी : तुम्ही तिला त्याचं नाव तरी काढू देता का?

अंबादास : ड्रॉइंगवर लिहिलं होतं, धुराड्यात लहान मुलाचा एक जुना बूट ठेवा. मला वाटलं, आपण नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून जुनी चप्पल टांगतो, तसलंच काहीतरी. मग म्हटलं, दुसऱ्याच्या पोराचा कशाला? आपल्या तनिषचा ठेवू. त्याचंही कुठेतरी घर होईल. सहा वर्षांचा गेला गं तापात. आणि मी साइटवर.

शिवानी : ड्रॉइंगखालची नोट वाचली नाहीत तुम्ही. लियाकतभाईंनी फोटो पाठवला, त्यात मी वाचली. दृष्टीसाठी नाही ते. ते लोक मानायचे की धुराड्यातून आलेलं भूत बुटात शिरतं. आणि एकदा शिरलं की त्याला मागे फिरता येत नाही. स्टक होतं.

अंबादास : म्हणजे मीच कोंडलं माझ्या लेकराला?

शिवानी : मी नाही मानत असलं काही.

अंबादास : मग आवाज का बारीक झाला तुझा?

शिवानी : बूट काढा, बाबा. प्लीज.

अंबादास : नाही काढवत. वीस वर्षांनी त्याचं पळणं कानावर आलंय. बूट काढला की खलास. मग मी काय ऐकू?

शिवानी : ही पिशवी धरा. दुसरा बूट आहे. काल घरी जाऊन एका पायाच्या आवाजाचं आईला सांगितलं मी. रडली नाही ती. कपाट उघडलं, हा दिला आणि म्हणाली, जोडी लाव आणि सोड त्याला.

अंबादास : मनोरमा म्हणाली? सोड म्हणाली?

शिवानी : हो.

अंबादास : सरक जरा. हात पुरतोय माझा. हा बघ, काजळीचा ठिपका नाही. या देशात धुराडं, पेटणार कशाला? लेस सुटलेलीच आहे. त्याला कधी जमलीच नाही.

शिवानी : मी बांधायचे.

अंबादास : बांध मग.

शिवानी : झालं. दोन्ही उंबऱ्याशी ठेवते. टोकं बाहेरच्या बाजूला.

अंबादास : जा रे तनिष. पळ हवा तेवढा. बाबा ओरडणार नाही.

शिवानी : बाबा!

अंबादास : ऐकलंस ना?

शिवानी : टप टप, टप टप. दोन्ही पाय.

लियाकत : या अल्लाह! साहब, मेरे पास से कोई दौड़ के गया.

अंबादास : गेला. लियाकत, चालू कर तुझं मशीन.

शिवानी : चला बाबा. आई वाट बघतेय. आता का थांबलात?

अंबादास : बूट इथेच राहिले गं. बाहेर वाळू किती तापलीये.