रिकाम्या फायलीचा ठसा

हॅलो?… हॅलो, काकू का? नमस्कार काकू. मी बोलतेय… हो, थोरली. तुमच्या लेकीची थोरली जाऊ… काकू, ठेवू नका. प्लीज. एक मिनिट फक्त.

हो… हो, बरोबर आहे तुमचं… कुठल्या तोंडाने फोन करतेय ते मलाही कळत नाहीये. पण तिच्याशी बोलायलाच हवंय… झोपलेली नाहीये हो काकू. मागे तिचा आवाज येतोय, नळ बंद कर म्हणतेय कुणाला तरी.

तिचा फोन बंद आहे, म्हणून तर तुमच्या फोनवर केला… नाही, आणखी काही ऐकवायला नाही. चांगलं सांगायचंय. म्हणजे तिच्यासाठी चांगलं… छापखान्यातूनच बोलतेय, हो… मग काकांना देता का?… बाहेर गेलेत? बरं. मग तिलाच द्या. हवं तर स्पीकरवर ठेवा आणि तुम्हीही ऐका… हो, थांबते.

…

अगं, मी… ऐकतेयस ना? नुसतं हं म्हणू नकोस, काहीतरी बोल.

काय?… नाही. नाही, नाही, तू कशाला माफी मागतेस? अगं ऐक ना… तू काहीही दाबलेलं नाहीस. कुठलीही लिंक नाही, काही नाही… अगं, जे झालंच नाही ते आठवेल कुठून?… हो, मीच म्हटलं होतं. नकळत काहीतरी दाबलं असशील, नीट आठवून बघ, असं मीच म्हटलं होतं. म्हणून तू माहेरी जाऊन आठवत बसलीस. काय केलं मी हे.

ऐक. तुझ्या मशीनवर काही नव्हतं. चोरीचं पॅकेज, ते बटणं टिपून बाहेर पाठवणारं सॉफ्टवेअर, नव्हतं. तू प्रश्नपत्रिका टाइप करत होतीस तेव्हा कुणीही तुझी बटणं चोरून टिपत नव्हतं… हो, पेपर फुटला नाही हे परवाच कळलं. जो फिरत होता तो मागच्या वर्षीचा निघाला, वरचं साल तेवढं बदललेलं. पण पॅकेजचा डाग राहिलाच होता ना तुझ्यावर. मी लावलेला. तो आज सकाळी पुसला… म्हणजे मला कळलं फक्त. पुसला कुठे अजून.

कसं कळलं ते सांगते. मध्ये बोललीस तरी चालेल. बोल, उलट.

मी मशीन तपासते म्हणजे काय करते, माहितीये ना तुला? प्रत्येक फायलीचा हॅश काढते… हो, तीच, आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. बोटाचा ठसाच समज. फायलीतला एक काना इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो. आणि माझ्याकडे ओळखीच्या पॅकेजांचे ठसे असतात. कुठल्या पॅकेजात कुठल्या फायली, कुणाचा ठसा काय. चांगली पॅकेजं वेगळी, वाईट वेगळी. जुळवून बघायचं. वाईटाशी जुळला की लाल… हो, तुझ्या मशीनवर लाल आला. एकच फाइल. त्या बटणं टिपणाऱ्या पॅकेजातल्या एका फायलीशी ठसा जुळला, शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला.

आता ऐक. त्या पॅकेजात ना, एक फाइल रिकामी आहे… रिकामी म्हणजे आत काहीच नाही. शून्य. असतात अशा फायली, नुसती जागा धरायला ठेवतात, आपण खुर्चीवर पिशवी ठेवतो तशा. आणि जगातल्या सगळ्या रिकाम्या फायलींचा ठसा एकच. आत काही नाहीच, तर वेगळा येणार कुठून?… हो. म्हणजे तुझ्या मशीनवर एक रिकामी फाइल होती. बस. एवढंच जुळलं.

हो गं, एवढंच. एवढ्यावरून तुला घरी पाठवलं.

आज सकाळी बाकीची मशीनं तपासायला घेतली. पहिल्यांदा लाल आला तो दारावरच्या हजेरीच्या कॉम्प्युटरवर. मग हिशेबवाल्या बाईंच्या. मग साहेबांच्या. मग माझ्या. अख्खा छापखाना चोर… हस की. हसण्यासारखंच आहे… नाही येत हसू. बरं. चुकलं माझं.

नाही गं, अवघड नव्हतं, कुणालाही दिसलं असतं. फायलीच्या नावापुढे आकार लिहिलेला असतो. शून्य. आणि तो रिकाम्याचा ठसा आमच्या कामातल्या माणसाला तोंडपाठ असतो, रोज जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यासारखा. तोच मी कागदावर छापला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि वर म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही… हो. तू तिथेच उभी होतीस.

कुठली फाइल?… ते कशाला आता… बरं, सांगते. 'छोटीसाठी' अशा नावाची… आठवली?

अच्छा… आमच्या छोटीच्या शाळेतल्या भाषणासाठी. तू लिहून देणार होतीस तिला… आणि मग सुचलं नाही म्हणून तशीच राहिली… तिने मला सांगितलंच नाही. धाकटी काकू भाषण लिहून देणार आहे, एवढंही बोलली नाही… गुपित होतं? बरं.

अगं, मला नाव दिसलं होतं. नाव, जागा, तारीख, सगळं येतं समोर. मी साहेबांना काय सांगितलं माहितीये? म्हटलं, असली पॅकेजं मुद्दाम घरगुती नावाखाली लपवतात. माझ्याच पोरीसाठी केलेली फाइल, आणि मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

हो… विचार. विचारायलाच पाहिजे तू… का नाही बघितलं म्हणजे, साहेब डोक्यावर उभे होते. पेपर फुटल्याची बोंब होती, त्यांना तिथल्या तिथे उत्तर हवं होतं… हो, एका क्लिकने उघडली असती. मान्य… अगं, घाई होती म्हणतेय ना… तेच तेच काय विचारतेस…

नाही. घाई नव्हती. म्हणजे होती, पण…

काकू आहेत का जवळ?… राहू देत. त्यांनाही ऐकू देत.

मला बरं वाटलं होतं. लाल आला तेव्हा… हो. तुझ्या मशीनवर आला म्हणून. अगं, तुला इथे मी आणलं, मीच साहेबांकडे शब्द टाकला. आणि वर्षाच्या आत सगळा छापखाना मला 'तिची जाऊ' म्हणायला लागला. घरी आईंचं तेच, इथे साहेबांचं तेच. धाकटीला विचारा, धाकटी करेल, धाकटीचा हात सफाईदार. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणायचे मी तुझ्याबद्दल. ह्यांच्यापाशी… एकदा कसलं, उठता-बसता. आणि मग तो लाल दिसला आणि मनात आलं, घ्या आता, बघा तुमची गुणाची धाकटी. मग मी ती फाइल उघडलीच नाही. उघडावीशी वाटली नाही.

नाही, नाही, ती रिकामी आहे हे माहीत नव्हतं मला. शपथ. जाणूनबुजून नाही केलं. पण तू सोडून दुसरं कुणी असतं तर मी दहादा बघितलं असतं. हे खरं आहे, ते मी नाकारत नाही… लाज वाटते मला.

… आहेस ना?

हो. भाऊजींशी बोलेन ना. आईंशीही मीच बोलेन… अगं, मला दिसत होतं. त्या रात्री जेवताना तुझा नवरा तुझ्याकडे बघत नव्हता, आई भाजीचं भांडं तुझ्यापुढून नेत होत्या. आणि मी वाढत होते. दिसत होतं मला सगळं.

पण आता तू उद्या ये. कामावर ये. साहेबांशी झालंय माझं बोलणं… ते म्हणाले, काहीतरी तांत्रिक अडचण होती म्हणून मिटवून टाकू, तिला रुजू व्हायला सांगा… हो, हेच शब्द… नाही, बाकीच्यांना वेगळं काही सांगायचं नाही. म्हणाले, उगाच विषय वाढतो… मी?… मी बरं म्हटलं.

असं नाही गं. माफ केलं असं कशाला वाटेल कुणाला?… वाटेल. हो. वाटेल खरं.

काय?… कसला राजीनामा?… लिहिलास? मग फाड तो… काकांकडे दिलास? कधी निघाले?… मग लाव ना फोन त्यांना… हो, ऐकू येतोय. घरीच वाजतोय तो. बरं, बरं, थांब. घाबरू नकोस. माझ्या खोलीच्या काचेतून बाहेरचं दिसतं, बघते मी.

… आलेत गं ते.

साहेबांच्या दारासमोर बाकावर बसलेत. मांडीवर पिशवी… हो, तपकिरी. इस्त्रीचा शर्ट. पाकीट हातात आहे, दिलं नाही अजून. साहेब आत कुणाशी तरी बोलतायत… कुणीही पुढून गेलं की उठून उभे राहतायत ते. आत्ता कुरिअरवाला गेला, तर त्यालाही उठले.

साहेबांना काय सांगणार आहेत?… पोरीची चूक झाली, पदरात घ्या… पोलिसात देऊ नका… अगं पण चूकच… हो. माहितीये मला. रडू नकोस. तू रडलीस की मला काही सुचत नाही.

मी जाते. आत्ता जाते. त्यांना मागच्या जिन्यापाशी नेते, पाणी देते, शांतपणे सगळं सांगते. पाकीट माझ्याकडे घेते आणि त्यांना गाडीत बसवून… काय?

… बाजूला नको म्हणतेस.

हो… तुला बाजूला नेलं नव्हतं. खरं आहे. तुझ्या टेबलाचा खण सगळ्यांसमोर उघडला. पर्स उलटी केली सगळ्यांसमोर. आणि एकेक वस्तूचं नाव मी घेत होते, कंगवा, डबा, गोळ्यांची पट्टी… नको सांगूस. आठवतंय.

पण साहेब काय म्हणतील, अगं… नोकरी नाही जाणार माझी. म्हणजे जाईलही. इथे माझ्या शब्दावर चालतं गं सगळं. मी हे मशीन चांगलं म्हटलं की त्यावर प्रश्नपत्रिका चढते. उद्या कोण विश्वास ठेवेल माझ्यावर?… हो. तुझ्यावर कुणी ठेवला नाही.

… बरं.

बरं, म्हटलं ना. तू ठेवू नकोस फोन. चालू ठेव आणि ऐक. मी असाच हातात धरते… निघाले.

काका… बसा, बसा. माझ्यासाठी नका उठू… मी थोरली. ओळखलंत ना?… साहेब येतील, हो. ते पाकीट आत नका देऊ. खिशात ठेवा… ठेवा हो काका, सांगते ना.

जरा ऐकता का सगळे? ते छपाईचं मशीन थांबवा थोडं… डीटीपीतले पण या बाहेर. साहेब, तुम्हीही… नाही साहेब, केबिनमध्ये नको. इथेच सांगते.

हे आमच्या धाकटीचे वडील. तिच्या मशीनवर चोरीचं पॅकेज सापडलं असं मी सांगितलं होतं. इथेच उभी राहून सांगितलं होतं. ते सापडलं नव्हतं. एक रिकामी फाइल होती, आत एक अक्षर नसलेली. तशी तुमच्या सगळ्यांच्या मशीनवर आहे. माझ्याही आहे… नाही साहेब, तांत्रिक अडचण नव्हती. मशीनने सांगितलं, जुळलं. ते बरोबरच होतं. काय जुळलं ते बघणं माझं काम होतं, आणि मी बघितलं नाही. ती होती म्हणून नाही बघितलं… हो, हिशेबवाल्या बाई, चोर सोडून संन्याशाला फाशी, अगदी बरोबर. पण इथे चोरही नव्हता. तिची काहीही चूक नाही. सगळी माझी आहे. एवढंच सांगायचं होतं.

… ऐकलंस?… हो, सगळे आहेत. साहेब खाली बघतायत… काका उठलेत. थांब.

काका, हे काय करताय? हात खाली घ्या आधी… आभार? माझे कसले आभार? काका, मीच केलं हे सगळं. ऐकलंत ना तुम्ही आत्ता?… ऐकलंत. आणि तरी… नाही हो, मोठं मनबिन काही नाही. काका, नका ना. 'तुमच्यामुळे वाचली माझी पोर' असं नका म्हणू… सोडा माझा हात.

अगं, ते माझेच आभार मानतायत. तू सांग त्यांना. तूच सांग, मी त्यांच्याकडे फोन देते… अगं?… ऐकतेयस ना?

… नाही काका, रेंज आहे. तिने ठेवला.